बेलभंडारा उचलायला लावला, मग इतके दिवस काय करत होतात?

प्रचारात उमेदवाराच्या माणसांनी खंडोबाच्या देवळात वाडीतल्या लोकांना बेलभंडारा उचलायला लावला, मत फिरवलंत तर देव बघून घेईल म्हणाले, तो आता आमदार झालाय, निवडणूक रद्द होईल का? असं तुम्ही विचारलंय. असले मेसेज दर निवडणुकीनंतर येतात आणि सगळे उशिराच येतात.

भाऊ, निकाल लागून साडेतीन महिने झाले हे तुम्हीच लिहिलंय. मग याचिकेचा विषय संपला. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम 81, निवडून आल्याच्या तारखेपासून 45 दिवसांत हायकोर्टात याचिका, आणि दिवाणीत करतो तसा विलंबमाफीचा अर्ज इथे चालतच नाही, सुप्रीम कोर्टाने 1974 लाच सांगून टाकलंय. पडलेल्या उमेदवाराची वाट कशाला बघितलीत? मतदारालाही याचिका करता येते, कोर्टात भरायचं डिपॉझिट दोन हजार. सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या ॲपवरची तक्रार आचारसंहितेची, तिने आमदारकी जात नाही.

चिडचिड याची की केसमध्ये दम होता. सगळे धर्माच्या नावावर मतं मागितली एवढंच धरून बसतात, ते त्याच कायद्याच्या कलम 123 चं पोटकलम 3, पण तुमचं प्रकरण पोटकलम 2 चं, देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं. अर्थात ती माणसं उमेदवाराच्या संमतीने आली होती हे दाखवावं लागलं असतं आणि तिथेच बऱ्याच याचिका आपटतात. त्यात व्हिडिओ पुतण्याच्या स्टेटसला आणि मूळ फोन एक्स्चेंजमध्ये दिलात, आता व्हिडिओ कोर्टात पुरावा म्हणून द्यायला लागणारं सर्टिफिकेट कोण देणार!

वेळेत आला असतात तरी निकाल कधी लागला असता देव जाणे. सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा असं कायद्यातच लिहिलंय, आणि सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीवरून धर्माच्या नावावर मत मागणं म्हणजे काय हे सात न्यायमूर्तींनी 4 विरुद्ध 3 ने ठरवलं जानेवारी 2017 मध्ये, ती विधानसभा संपून बावीस वर्षं झाली होती.

राहिला फौजदारी मार्ग. भारतीय न्याय संहितेचं कलम 171, म्हणजे निवडणुकीत मतदारावर गैरवाजवी दबाव आणण्याचा गुन्हा, शिक्षा 174 खाली एक वर्षापर्यंत, आणि कोर्टाने दखल घ्यायची मुदतही साधारण वर्षाचीच. पोलीस हात झटकतील, कदाचित थेट मॅजिस्ट्रेटकडे जावं लागेल, कागद बघितल्याशिवाय जास्त बोलत नाही. ज्यांनी स्वतः भंडारा उचलला त्यातले दोघंतिघं नाव लावून जबाब द्यायला तयार आहेत का, ते आधी विचारा. असतील तर याच आठवड्यात या.