पटकथा लांबते, काय कापू?

प्रश्न : दहा मिनिटांच्या लघुपटाची पटकथा सतरा पानं झाली. बापलेक कापूस विकायला जातात, भाव पडलेला. संवाद वऱ्हाडी आहेत. काय कापू? (एक वाचक, दारव्हा)

उत्तर : पानं मोजू नका. ‘एक पान, एक मिनिट’ हा ढोबळ हिशेब बारा पॉइंट आकाराच्या ‘कुरिअर’ या फॉन्टमधल्या इंग्रजी पटकथेचा. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, हालचालींचा वेळही धरा. घरून निघणं, रस्ता काढून टाका. थेट वजनकाट्यावर सुरू करा. भाव पडल्याचं बापाच्या तोंडून नकोच. व्यापारी मूठभर कापूस उपसतो, ओल बघतो, चिठ्ठीवर आकडा लिहितो. बाप चिठ्ठी दुमडून खिशात घालतो. लेक विचारतो, “किती भेटले, बा?” उत्तर लिहू नका. वऱ्हाडी मात्र जपा. लांबी बोलीमुळे नाही, दिसलेलं पुन्हा सांगितल्यानं वाढते.