कोल्हापुरात गच्चीवरच्या कुंडीत आयरिस फुलेल का?

फुलेल, पण ऑनलाइन फोटोंत दिसतो तो बिअर्डेड आयरिस घेऊ नका, वॉकिंग आयरिस लावा. बिअर्डेडला फुलायला कडाक्याची थंडी लागते, ती आपल्याकडे पडत नाही. शिवाय जून ते सप्टेंबरच्या पावसात त्याचा कंद कुजतो. वॉकिंग आयरिसला १० ते १२ इंची, तळाला भोकं असलेली कुंडी पुरते. लाल मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. सकाळचं ऊन, दुपारी सावली. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण फार देखणं असतं! नंतर त्याच दांड्यावर पिल्लू, म्हणजे छोटं रोप धरतं, ते रुजावं म्हणून दांडा वाकवून शेजारच्या कुंडीत टेकवा. मात्र गच्चीवर दिवसभर ऊन असेल तर त्याऐवजी आफ्रिकन आयरिस निवडा.