विंचवाचं बिऱ्हाड, बास्केटबॉलच्या मैदानावर

एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, वर्षानुवर्षं टिकणारे, पण एका गावात फारसे न टिकणारे खेळाडू असतात. त्यांच्याविषयी आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

ईश स्मिथ १३ संघांकडून खेळला असं वाचलं. इतक्यांनी सोडलेला खेळाडू चांगला कसा म्हणायचा? (नाशिक)

इतक्यांनी सोडला हे खरं, पण इतक्यांनी घेतला हेही तितकंच खरं. लीगमध्ये संघ ३०. त्यांतल्या १३ संघांचा गणवेश घालणं हा विक्रम आहे. आधीचा १२ संघांचा विक्रम चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि ज्यो स्मिथ या चौघांच्या नावावर होता.

ईश स्मिथची उंची सहा फूट, म्हणजे या खेळात बुटकाच. २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कुणी निवडलं नाही. ह्यूस्टननं करार दिला आणि पहिल्याच मोसमात, फेब्रुवारी २०११मध्ये, ट्रेड, म्हणजे संघांमधली अदलाबदल, करून मेंफिसला पाठवलं. २०१४-१५चा मोसम बघा. सुरुवात ह्यूस्टनमध्ये. फेब्रुवारीत ह्यूस्टननं सोडलं, मग ओक्लाहोमाशी करार. दोन आठवडे होतात न होतात तोच ट्रेडमध्ये न्यू ऑर्लीन्स. तिथे एकही सामना न खेळता पुन्हा मोकळा, आणि लगेच फिलाडेल्फियानं उचलला. यात त्याचा खेळ कुठेच बिघडला नव्हता. मोठ्या व्यवहारात दोन्ही बाजूंचे पगार जुळवावे लागतात, जागा रिकाम्या कराव्या लागतात, आणि लहान कराराचा खेळाडू अशा वेळी सुट्ट्या पैशांसारखा वापरला जातो.

पुढच्या मोसमात तो पुन्हा न्यू ऑर्लीन्सला होता. डिसेंबर २०१५मध्ये फिलाडेल्फियानं दुसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क देऊन त्याला परत आणलं. तेव्हा तो संघ ३१पैकी एकच सामना जिंकला होता. उंच, तरुण खेळाडू होते, पण वेळेवर नीट पास देणारा पॉइंट गार्ड नव्हता. असा खेळाडू विकतो ते हेच: पहिल्या दिवसापासून चालणारं एक ठरावीक काम. २०१६मध्ये डेट्रॉइटनं त्याला तीन वर्षांचा करार दिला. २०२३मध्ये तो डेन्व्हरच्या विजेत्या संघात होता, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, फारसा मैदानात उतरला नाही, ते वेगळं.

दहा दिवसांचा करार म्हणजे नेमकं काय? (कोल्हापूर)

दरवर्षी ५ जानेवारीपासून संघांना असे करार करता येतात. मुदत दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त असेल ते. एका मोसमात एकाच संघाशी असे दोनच करार होतात. तिसऱ्यांदा हवा असेल तर उरलेल्या मोसमाचा करार द्यावा लागतो. पैसे किमान पगाराच्या हिशेबानं मिळतात: मोसमाचे १७४ दिवस धरायचे, त्यातले दहा. २०२४-२५मध्ये नवख्या खेळाडूला दहा दिवसांचे साधारण ६६,५०० डॉलर मिळत होते. संघानं सहाव्या दिवशी नारळ दिला तरी पूर्ण पैसे द्यावे लागतात.

गाडी अडते ती इथे: बोलावणं बहुतेकदा कुणाच्या तरी दुखापतीमुळे येतं, आणि तो बरा झाला की पाहुण्याची खुर्ची जाते. दहा दिवसांत सरावाचे दिवस दोन-तीनच. तेवढ्यात संघाच्या चाली पाठ झाल्या नाहीत तर प्रशिक्षक मैदानात उतरवतच नाही. म्हणून जुने खेळाडू पहिल्या रात्री फक्त बचावातले इशारे आणि बाजूरेषेवरून चेंडू आत घेतानाच्या चाली घोकतात. आक्रमणात चुकलं तर एक संधी जाते. बचावात चुकलं तर सगळ्यांना दिसतं. आणखी एक, चांगला खेळूनही करार पुढे सरकत नाही, कारण फेब्रुवारीतल्या ट्रेडच्या मुदतीपर्यंत संघातली पंधरावी, म्हणजे शेवटची, जागा मोकळी ठेवायला संघांना आवडतं.

ज्येष्ठ खेळाडूचा किमान पगार जास्त असतो. मग संघ स्वस्तातला तरुण का घेत नाहीत? (पुणे)

घेतातच. पण नियमात एक सोय आहे. २०२४-२५मध्ये दहा किंवा अधिक वर्षं खेळलेल्याचा किमान पगार सुमारे ३३ लाख डॉलर होता, दोन वर्षं खेळलेल्याचा सुमारे २१ लाख. ज्येष्ठानं एकाच वर्षाचा किमान करार केला तर संघाच्या खात्यावर हे २१ लाखच पडतात, वरचे सुमारे १२ लाख लीग भरते. करार दोन वर्षांचा केला की ही सोय गेली. या खेळाडूंचे करार एकेका वर्षाचे का असतात आणि दर जुलैत बिऱ्हाड का हलतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

खरी कोंडी मधल्यांची होते. संघ आणि जी लीग या दुय्यम स्पर्धेतला त्याचा उपसंघ असा दोन्हीकडे खेळवणारा टू-वे करार चार किंवा अधिक वर्षं खेळलेल्याला मिळत नाही. त्यामुळे पाच-सहा वर्षं खेळलेला माणूस ना तरुण राहतो, ना ‘अनुभवी’.

वर्षातले सर्वांत काळजीचे दिवस कोणते? (नागपूर)

१० जानेवारीला उरलेल्या मोसमाचा पगार पक्का होतो. ज्यांचा करार पक्का नाही त्यांना संघ ७ तारखेपर्यंत सोडतात, कारण वेव्हरचे, म्हणजे इतर संघांनी उचलायचे, ४८ तास त्याआधी संपायला हवेत. दुसरी तारीख १ मार्च. त्यानंतर सुटलेल्याला त्या वर्षी दुसऱ्या संघाकडून प्लेऑफ खेळता येत नाही.

भारतीय वंशाचं कुणी या वाटेनं गेलं आहे का? (ठाणे)

पंजाबी आईवडिलांचा, कॅनडात जन्मलेला, सात फूट पाच इंचांचा सिम भुल्लर. एप्रिल २०१५मध्ये सॅक्रामेंटोनं त्याला दहा दिवसांचाच करार दिला होता. पहिल्या सामन्यात १६ सेकंद, एकूण सामने तीन. पुढे तो तैवानमध्ये खेळला. त्याच वर्षी सतनाम सिंगला डॅलसनं ५२व्या क्रमांकावर निवडलं, पण एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

परदेशी क्लबचा करार आला तर काय तपासावं? (छत्रपती संभाजीनगर)

पगार करानंतर हातात येणारा लिहिला आहे ना, हे आधी पाहा. घर, गाडी, विमानाची तिकिटं आणि वैद्यकीय विमा वेगवेगळ्या कलमांत हवेत, ‘इतर सोयी’ एवढ्यावर भागवू नका. वैद्यकीय तपासणी पोहोचल्यावर ४८ ते ७२ तासांत व्हायला हवी. ती लांबवून महिनाभर फुकट पारखणारे क्लब असतात. देश बदलताना आधीच्या देशाच्या महासंघाचं ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागतं. जुना करार नीट संपवला नसेल तर ते अडतं आणि खेळाडू स्टँडमध्ये बसून राहतो. वाद जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल हे करारातच लिहिलेलं हवं, नाहीतर तो लवाद प्रकरण हाती घेत नाही. आणि हप्ता किती दिवस थकला की तुम्ही करार सोडून जाऊ शकता, तो आकडा कोरा ठेवून सही करू नका.