हरणाऱ्या संघाचा नातू

प्रिय ताई,

मी मूळची ठाण्याची. लग्न होऊन कोलकात्याला आले, जादवपूरला सासरी एकत्र राहतो. सासरचे सगळे 'बांगाल', म्हणजे पूर्व बंगालातून आलेले. सासरे १९५० साली आईचा हात धरून बरिसालहून आले, तेव्हा पाच वर्षांचे होते. सुरुवातीची वर्षं बिजॉयगडच्या निर्वासित वसाहतीत काढली. ईस्ट बंगाल हा फुटबॉल क्लब त्यांच्या लेखी घरातलंच माणूस. माझा अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्या मांडीवर बसून मॅच बघत मोठा झाला.

यंदा आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, आम्ही पहिले चारही सामने हरलो. दुर्गापूजेत मंडपातल्या मुलांनी त्याला रोज छळलं. 'तुम्ही हरणारच, तुम्ही तारेपलीकडून आलेले,' असंही एकजण म्हणाला, म्हणजे बांगलादेशच्या सीमेवरच्या कुंपणापलीकडून. दादूंनी, म्हणजे आजोबांनी, पूजेसाठी आणलेली लाल-पिवळी जर्सी त्याने घातलीच नाही, लेबलासकट कपाटात पडून आहे. दशमीला सगळ्यांसमोर म्हणाला, 'मी आता मोहन बागान. ते जिंकतात.' मोहन बागान म्हणजे आमचा जुना प्रतिस्पर्धी क्लब. सासरे भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून आजोबा-नातू बोलत नाहीत.

शनिवारी, १९ तारखेला डर्बी आहे, म्हणजे याच दोन क्लबांचा सामना. सासऱ्यांनी तीन तिकिटं काढून ठेवलीत : स्वतःचं, नवऱ्याचं आणि नातवाचं. नवरा म्हणतो, ओढून नेऊ. मला वाटतं, पोराला नको तर नको. फुटबॉलपायी एवढं? पण मी बाहेरची, माझं कोण ऐकणार? काय करू?

— एक आई, कोलकाता, ऑक्टोबर २०२४

*

प्रिय मैत्रिणी,

'फुटबॉलपायी एवढं?' हे मला विचारलंस ते ठीक, घरात विचारू नकोस. नोकरीनिमित्त मी काही वर्षं कोलकात्यात काढली आहेत आणि तुझ्या सासऱ्यांच्या पिढीतली बरीच माणसं जवळून पाहिली आहेत. बरिसाल सुटलं, घर सुटलं, नदी सुटली. महायुद्धातल्या रिकाम्या लष्करी छावणीत बिजॉयगड वसलं आणि तिथे या लोकांनी शून्यातून संसार मांडले. शहर आपलं म्हणायला तयार नव्हतं. बोलण्याची ढब जरी ऐकली तरी लोक हसायचे. अशा माणसांना आपल्या मुलखाचं नाव हजारोंच्या गर्दीत छाती फुगवून घेता येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे मैदान. क्लब १९२० सालचा, फाळणीच्या कितीतरी आधीचा. पण फाळणीनंतर तो या लोकांचा झाला, तो कायमचा. आपल्याकडे कोल्हापूरच्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे कोणत्या तालमीचा फुटबॉल संघ आपला हे कुणी बसून ठरवत नाही, ते पेठेबरोबरच येतं.

म्हणून तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला चार पराभवांपेक्षा फार मोठं वाटलं : 'तुम्ही तारेपलीकडून आलेले.' तू ते ओघात लिहून पुढे गेलीस. तुझा मुलगा तिथेच अडकलाय, असं मला वाटतं. गोल खाल्ल्याचं दुःख या वयात दोन दिवसांत ओसरतं. पण भर मंडपात, नव्या कपड्यांतल्या सगळ्या पोरांसमोर कुणी त्याच्या आजोबांच्या येण्यावरून बोललं, त्याला उत्तर काय द्यायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांचं पोर अशा वेळी काय करतं? ज्या बाजूला दगड पडतायत तिथून निघून पलीकडे जाऊन उभं राहतं. 'ते जिंकतात' हे त्याला सांगता येण्यासारखं कारण होतं. खरं कारण दादूंसमोर कसं सांगणार?

हे वाक्य सासऱ्यांच्या कानावर गेलंय का? तुझ्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही. त्यांना वाटतंय की नातू हरणाऱ्या संघाला सोडून गेला. आधी त्यांच्याजवळ एकटी बस आणि मंडपात काय झालं ते जसंच्या तसं सांग. नवऱ्यालाही सांग, पण आधी त्यांना. त्यांचा राग तिथेच निम्मा उतरेल, कारण हे वाक्य त्यांनी स्वतः लहानपणापासून ऐकलेलं असणार. नागरिकत्वाच्या कागदांचा वाद पेटला होता तेव्हा, जानेवारी २०२० च्या डर्बीत, ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी एक भलामोठा फलक उलगडला होता. त्यावर लिहिलं होतं : ही माती रक्त देऊन घेतलेली आहे, कागद देऊन नव्हे. तो फलक कुणी, का आणि कशासाठी उभारला, हे नातवाला सांगायला त्या घरात दादूंहून योग्य माणूस नाही. ते बोलले तर मुलाला मंडपातल्या त्या पोराला द्यायचं उत्तर मिळेल. ते गप्प राहिले तर ती गोष्ट लाजेची आहे असाच अर्थ तो काढेल.

आता सासऱ्यांविषयी थोडं कडक लिहिते, कारण ताटावरून उठायला नको होतं. मोठ्या माणसाने अबोला धरला की मुलाला परत यायला दार राहत नाही. पहिला शब्द दादूंनीच बोलायला हवा.

आणि या मुलाने काय सोसलंय तेही त्यांनी जरा मोजावं. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२३, लागोपाठ आठ डर्बी ईस्ट बंगाल हरला. म्हणजे पोराला सामना कळायला लागला तेव्हापासून चौथी-पाचवीत जाईपर्यंत त्याने मोहन बागानविरुद्ध एकही विजय पाहिला नाही, आणि तरी दादूंच्या मांडीवरून तो हलला नाही. आयएसएलमध्ये आल्यावर पहिल्या चार हंगामांत संघ नवव्या नाहीतर अकराव्या जागीच राहिला. आणि सासऱ्यांचा ऐन तारुण्याचा काळ कोणता? १९७० ते १९७५, सलग सहा वर्षं कोलकाता लीग. ३० सप्टेंबर १९७५, आयएफए शील्डचा अंतिम सामना, मोहन बागानवर ५-०. तिशीतल्या माणसाने ते दिवस पाहिले, मग त्या आठवणीवर पन्नास वर्षं काढता येतात. नातवाच्या गाठीला काय आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये ड्युरंड कपात नंदकुमारने मारलेला तो एक गोल, ज्याने आठ पराभवांची रांग तुटली. आणि यंदाच्या जानेवारीत भुवनेश्वरला जिंकलेला सुपर कप. तिथे मोहन बागानला ३-१ हरवलं, अंतिम सामन्यात ओडिशाला जादा वेळेत ३-२. बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरचा चषक घरी आला. तो ज्यांनी आणून दिला ते प्रशिक्षक कुआद्रात आठ महिन्यांत, यंदाच्या लीगमधल्या तिसऱ्या पराभवानंतर पायउतारही झाले. मोठ्यांना पेलत नाही अशी ही चढउतर आहे. या पोराला कुणी पळपुटा म्हणू नये. तो दमलाय.

दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि ती मुलाला सांगायची आहे. सत्तरच्या दशकातल्या त्या सहा वर्षांत मोहन बागानच्या घरांमध्ये काय चाललं असेल? एकही लीग नाही आणि वर ते पाच गोल. तेव्हा तिथल्याही पोरांना रोज चिडवलं जात होतं, आणि चिडवणारे आपले होते. ती पोरं कुठे गेली नाहीत. त्यांचीच नातवंडं आज मंडपात तोऱ्यात फिरतायत. जिंकणाऱ्यांकडे जायचं म्हटलं तर त्याला आयुष्यभर घर बदलत राहावं लागेल.

बुधवारी कोजागरी आहे. बांगाल घरात त्या रात्री लक्ष्मीपूजा असते, तुला माहीतच आहे, आणि आपल्याकडच्या सवयीने तू दूधही आटवत असशील. पूजा आटोपली की या दोघांना गच्चीवर बसव. फुटबॉल नाही म्हणालीस तरी विषय निघणारच, तो निघू दे. सासऱ्यांना आधीच एक विनंती करून ठेव : ५-० नको. ती गोष्ट त्याला पाठ असणार. त्यापेक्षा हरलेल्या मॅचचं सांगा म्हणावं. हरून घरी चालत येताना काय वाटायचं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोण काय बोलायचं, मग काय करायचात. पराभव कसा गिळायचा हे त्या मुलाला कुणी शिकवलेलंच नाही. दादूंनी फक्त विजय वाढले आणि हरल्यावर टीव्ही बंद केला, असं बऱ्याच घरांत होतं.

संघ बदलायचं काय? माझं स्पष्ट मत आहे : बदलू द्यावा, पण या आठवड्यात नाही. कुणी लाज काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला निर्णय आपला नसतो, लाज काढणाऱ्याचा असतो. त्याला सांग, हा हंगाम संपू दे. उन्हाळ्यात तुला खरोखर मोहन बागान आवडत असेल, तर हिरवी-मरून जर्सी मी स्वतः आणून देईन, घरात कुणी चकार शब्द काढणार नाही. तोही काही ऐरागैरा क्लब नाही. १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा तो संघ, आणि त्यातले बहुतेकजण अनवाणी खेळले होते. तिकडे जायचं तर हे सगळं समजून जा, चिडवणं चुकवायला जाऊ नकोस.

सासऱ्यांना हे जड जाईल. त्यांना जमशीद नासिरींची आठवण करून दे. ऐंशीच्या दशकात ईस्ट बंगालने डोक्यावर घेतलेला इराणी खेळाडू, त्यांनी त्याला मैदानात डोळे भरून पाहिलं असणार. त्याचाच मुलगा कियान २९ जानेवारी २०२२ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, मोहन बागानकडून बदली खेळाडू म्हणून उतरला आणि वडिलांच्या जुन्या क्लबविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. नासिरींच्या घरात हे होऊ शकतं, तर जादवपूरच्या घरात नातवाने वेगळा रंग निवडला म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? तो दादूंचा नातू राहणारच.

ज्याने ते तारेचं बोलून दाखवलं, त्या मुलाच्या आईकडे मात्र तू जा. भांडायला नाही. ते वाक्य त्या पोराचं नसावं, घरात किंवा मैदानावर ऐकलेलं असेल. दोन महिन्यांपूर्वीचं तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. १८ ऑगस्टची ड्युरंडची डर्बी पोलिसांना बंदोबस्त देता येणार नाही म्हणून रद्द झाली, तेव्हा आर.जी. कर रुग्णालयात अत्याचार करून मारल्या गेलेल्या त्या डॉक्टर मुलीसाठी न्याय मागायला दोन्ही क्लबांची माणसं सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर एकत्र आली. शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहमेडनवालेही होते. एकमेकांच्या खांद्यावर बसून घोषणा दिल्या, लाठ्याही एकत्र खाल्ल्या. ज्या शहरात हे झालं, तिथे शेजारच्या बाईशी बसून 'चिडवा हो, पण एवढं एक नको' असं बोलणं अवघड जाऊ नये. हरण्यावरून खुशाल चिडवावं, तो डर्बीचा भागच आहे. माणूस कुठून आला यावरून नाही.

राहिला शनिवार. ओढून न्यायचं नाही, हे नवऱ्याला निक्षून सांग. साठ हजारांच्या गर्दीत रडवेलं पोर घेऊन बसणं कुणाच्याच हिताचं नाही. पण त्याचं तिकीट परतही करू नका, कुणाला देऊही नका. शनिवारी दुपारपर्यंत त्याचा निर्णय त्याच्याकडे राहू दे. जर्सी कपाटातच असू दे, इस्त्री करून समोर ठेवू नकोस, मुलं असली युक्ती लगेच ओळखतात. तो आला तर साध्या शर्टात येऊ दे. लवकर निघा, आपल्याच बाजूच्या स्टँडमध्ये बसा, सुटताना चुकामूक झाली तर कुठल्या गेटशी भेटायचं ते आधी ठरवा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच सामन्यात चेंगराचेंगरीत सोळा माणसं गेली, ते त्या शहरातली जुनी माणसं विसरलेली नाहीत. सासऱ्यांना वेगळं सांगावं लागणार नाही, नवऱ्याला सांग. स्टँडमध्ये शिव्या चालतात, तेही मुलाला आधी सांगून ठेव.

हरण्याची शक्यता बरीच आहे. समोरचा संघ गेल्या हंगामातला आयएसएलच्या लीग शील्डचा विजेता आहे आणि आपले नवे प्रशिक्षक ब्रुझोन आत्ता कुठे येतायत. तेव्हा हरल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. घरी येऊन टीव्ही बंद, दिवे बंद, असं नको. रात्री काय जेवायचं ते मुलाला ठरवू दे, आणि कोण वाईट खेळलं यावर मनसोक्त तोंडसुख घ्या, सगळ्यांनी मिळून.

आणि तो नाहीच म्हणाला, तर तिसऱ्या तिकिटावर तू जा. एवढी वर्षं त्या घरात काढलीस आणि अजून स्वतःला बाहेरची म्हणवतेस, हे मला पत्रात सगळ्यात खटकलं. घरातली बाहेरून आलेली तू एकटी नाहीस. सासरे तर पाचव्या वर्षी आले. त्यांच्या शेजारी बस, त्यांना विचार, 'बाबा, हा कोण, तो कुठल्या जागी खेळतो?' ते सांगतील, ओरडून सांगतील. मुलाला जाताना एवढंच म्हण, मी दादूंबरोबर चाललेय, मध्यंतराला फोन करते, स्कोअर तूच मला सांग, कारण मला काही कळत नाही.

तुझी,
ताई