आधी पट्टा, मग किल्ली

प्रिय बाळा,

तुझं पत्र परवा आलं. व्हिएतनाममधल्या सायगॉनमधली खोली, बिन्ह दुओंगच्या कारखान्यातली धावपळ, सकाळी सहाला फो, ते नूडल्सचं सूप, खायची लागलेली सवय, सगळं वाचून बरं वाटलं. मधल्या चार ओळींनी मात्र झोप उडवली. तू लिहिलंस, "मावशी, मी फुलफेस हेल्मेट आणि जॅकेट घालून निघालो की ऑफिसातली पोरं मला अंतराळवीर म्हणतात. थाओ दिएन वस्तीतले गोरे बनियन-चड्डीत, स्लीपरवर फिरतात. इथली माणसं टोपीसारखं हलकं हेल्मेट घालतात. ऊन मरणाचं आहे. इथे राहायचं तर इथल्यासारखंच राहावं का?" आणि शेवटी जाता जाता, आई तेतच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या, सुट्टीत येणार आहे, तिला गाडीवर मागे बसवून शहर दाखवीन म्हणतोस.

तू हेल्मेट घालतोस म्हणून मी तुझं कौतुक करणार नाही. तेवढं आईने शिकवलंय तुला. मला त्या "इथल्यासारखंच"बद्दल बोलायचंय.

मी त्या शहरात अकरा वर्षं काढली. इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेली मुलगी २००६ साली तिथे कापड तपासायला गेली. तेव्हा शहरात हेल्मेट घातलेला माणूस शोधावा लागे. हेल्मेटला लोक "नोई कोम दिएन" म्हणत, म्हणजे विजेवरचा भाताचा कुकर. मग सरकारने तारीख जाहीर केली, १५ डिसेंबर २००७, शनिवार. त्या दिवसापासून सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही सक्ती. शुक्रवारी रात्री माझ्या गच्चीखालून काळ्या केसांची नदी वाहत होती, शनिवारी सकाळी हेल्मेटांची. इतकं मोठं शहर एका रात्रीत बदललेलं मी दुसऱ्यांदा कुठे पाहिलं नाही. मी पुण्यात नोकरी केलेली बाई. आपल्याकडे हेल्मेटसक्ती म्हटलं की आधी मोर्चा निघतो, आणि तशा बोलण्यात मीही माझी भर घातलेली आहे. त्या सकाळी मला लाज वाटली.

मग हळूहळू दुसरी गोष्ट दिसायला लागली. डोक्यावर काहीतरी होतं, पण काय होतं? क्रिकेटच्या टोपीसारखी प्लास्टिकची वाटी, आत बोटभरही थर्माकोल नाही, नुसतं फोमचं अस्तर. पोलिसाला लांबून दिसावं एवढ्यापुरतं. आणि पट्टा लोंबता.

आता तुझे ते गोरे. त्यांना मी जवळून ओळखते. आमच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर होता. घरी त्याची मोठी मोटरसायकल होती, चामड्याचा सूट, गुडघ्याला पॅड, घोट्याच्या वर येणारे बूट. फोटो दाखवायचा मला. तोच माणूस सायगॉनमध्ये चड्डी आणि रबरी चपलेवर. मी विचारलं तर म्हणाला, "इथे काय, सगळेच असे चालवतात, वेगही नसतो." तीन वर्षं राहिला, तीन वर्षं सुट्टीवर असल्यासारखा. परदेशात राहणाऱ्या माणसाला हा भ्रम होतोच. खरं आयुष्य तिकडे घरी ठेवलंय आणि इथे जे चाललंय ते मधलं काहीतरी आहे, असं त्याला वाटत राहतं. आपली माणसंही काही वेगळी नव्हती. घरी पोलीस असेल त्या चौकात हेल्मेट घालायची, तिथेही पोलीस असेल त्या चौकात घालायची. एक देशाकडे बघून डोकं झाकत होता, दुसरा पोलिसाकडे. डोकं मात्र दोन्ही देशांत तेच.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि तो मी तुला या पत्रात परत परत सांगणार आहे. आधी पट्टा, मग किल्ली. हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली, त्यात दोन बोटं जेमतेम शिरतील एवढा घट्ट, आणि मगच हात किल्लीकडे. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी. गाडी नुसती सावलीत हलवायची असली तरी. त्या क्षणी विचार करायचा नाही. ज्याने विचार केला त्याला सूट सापडते.

तू म्हणशील, मावशी दोन किलोमीटरच तर असतात, तेही वीसच्या वेगाने. अरे, हिशेब कर ना, इंजिनिअर आहेस. दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर गाडी उभी असली तरी ते जमिनीवर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास आपटतं. वेग नुसता हँडलमध्ये नसतो, उंचीतही असतो. हेल्मेटच्या आतला तो पांढरा थर्माकोल एकदाच चेचला जातो, त्यासाठीच तो असतो. तो चेचला की डोकं थोडं सावकाश थांबतं. तुझ्या ऑफिसातल्या टोप्यांमध्ये चेचायला काही नाहीच.

आणि "मी नीट चालवतो" हेही मला सांगू नकोस. मी पोचले त्याच वर्षीच्या डिसेंबरात हनोईत सेमूर पॅपर्ट रस्ता ओलांडत होते. मुलांना कॉम्प्युटरशी खेळत गणित शिकता यावं म्हणून लोगो ही भाषा घडवणाऱ्यांतले ते एक, एमआयटीचे प्राध्यापक, परिषदेसाठी आलेले. मोटरसायकलने उडवलं. मेंदूला इजा झाली. २०१६ पर्यंत जगले, पण पूर्वीचे झाले नाहीत. ते तर पायी होते, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. तुझ्या हातात एक पट्टा आहे आणि तू मला विचारतोस घालू का सोडू.

रागावले. क्षमा कर. यामागे जे आहे ते मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

२००९ चा सप्टेंबर. भिवंडीकडची एक मुलगी आमच्याकडे नवीन आली होती, तुझ्याच वयाची. माझ्याकडे भाड्याची होंडा वेव्ह होती. माझं स्वतःचं हेल्मेट चांगलं होतं, मी ते आवर्जून शोधून घेतलेलं. मागच्यासाठी तीच प्लास्टिकची टोपी, तिचं बक्कल तुटलेलं. संध्याकाळी बाजारात जायचं होतं, तिला कोथिंबीर आणि लिंबं हवी होती. तिने बक्कल लावायचा प्रयत्न केला, जमेना. "ताई, हे लागत नाहीये," म्हणाली. मी म्हणाले, "राहू दे, इथेच तर जायचंय."

पाऊस नुकताच थांबला होता. वळणावर झेब्रा पट्ट्यांचा पांढरा रंग ओला होता, पुढचं चाक त्यावर सरकलं. वेग इतका कमी की मी जवळजवळ पायावरच उतरले. ती मागच्या मागे गेली. टोपी तिच्या आधी रस्त्यावर पडून घरंगळत गेली, तिचं डोकं नंतर टेकलं. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

ती वाचली. आठवडाभर हॉस्पिटल, मग सहा महिने चक्कर. पण डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला की नाकापासून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटू शकतात. तिचे तुटले. वास गेला, तो आलाच नाही. ती आता भिवंडीतच आहे, दोन मुलं आहेत. तिला मोहरी-हिंगाची फोडणी कळत नाही. दूध करपलं तरी कळत नाही. मुलाच्या टाळूचा वास तिने कधी घेतला नाही. हे तिने मला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे, सहज, कपडे वाळत घालता घालता. त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही. जायला हवं होतं.

माझं हेल्मेट चांगलं होतं आणि तिचं वाईट होतं, हे मला माहीत होतं. बक्कल तुटलंय हे माहीत होतं. तरी मी किल्ली फिरवली.

लोक मला हट्टी म्हणतात. गेल्या दिवाळीला जावयाच्या गाडीवर मी बसले नाही, कारण दुसरं हेल्मेट नव्हतं, आणि चार किलोमीटर चालत गेले. घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. चालेल. मी असं वागून त्या मुलीचं काही परत देऊ शकत नाही हे मलाही कळतं. पण दुसरं काय करू ते मला सापडलेलं नाही, आणि जे सापडलंय ते मी सोडणार नाही.

आता कपड्यांचं. इथे तू माझ्याशी वाद घालू नकोस, मी कापडात आयुष्य काढलंय. कापड किती घासलं की फाटतं हे तपासायच्या मशीनवर हजारो तुकडे फिरताना पाहिलेत. आपण रोज घालतो त्या सुती पँटचं कापड डांबरावर पापणी लवेपर्यंत फाटतं. पॉलिएस्टरचा टीशर्ट तर फाटायच्या आधी घर्षणाने वितळतो आणि कातडीला चिकटतो. नर्सला तो चिमट्याने काढावा लागतो. चाळीसच्या वेगाला माणूस सेकंदाला अकरा मीटर जातो, त्यातले दोन-तीन मीटर घसरणं कातडी सोलायला पुरतं. आणि एक गोष्ट लोक विसरतात, पुष्कळदा कापड टिकतं आणि शिवण उसवते. म्हणून जॅकेट घेताना उलटं करून बघ. खांदा आणि कोपराच्या शिवणी दुहेरी-तिहेरी आहेत का, आतलं पॅड जागेवर बसतं का की हात वाकवला की सरकतं. युरोपच्या मानकाप्रमाणे लेबलवर एएए, एए, ए असे दर्जे असतात आणि त्यात शिवणीचीही चाचणी असते. सायगॉनच्या उन्हात जाळीचं, ए किंवा एए दर्जाचं जॅकेट पुरे, वारा आत खेळतो. तिथल्या बायका उन्हासाठी गळ्यापासून बोटांपर्यंत झाकून घेतात ते तू रोज बघतोस. कातडी काळी पडू नये म्हणून त्या एवढं सहन करतात, तू ती शाबूत राहावी म्हणून कर. हातमोजे घाल, पडताना माणूस पहिल्यांदा तळहात टेकतो. घोटा झाकणारे बूट. स्लीपर मोरीत.

लायसन्सचं थोडक्यात. आपल्याकडचं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या कराराखालचं असतं आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो, त्यामुळे ते तिथे चालत नाही. तुझ्याकडे तिथे राहण्याचं कार्ड आहे, तर आपलं लायसन्स तिथल्या लायसन्समध्ये बदलून घे. मी ते केलं नव्हतं. अपघातानंतर विमा कंपनीने पहिला प्रश्न तोच विचारला आणि फाईल बंद केली. त्या मुलीच्या वडिलांनी पैसे कसे उभे केले ते मला ठाऊक आहे. बिअरचा एक घोटही चालवायच्या आधी नको, तिथे २०२० पासून मर्यादा शून्य आहे.

दंडाचं एक मुद्दाम सांगते. हेल्मेट नसलं तर चार ते सहा लाख डोंग, आणि हेल्मेट घातलं पण पट्टा नीट लावला नाही तरी तेवढेच. ज्याने कायदा लिहिला त्याला बक्कलाचं महत्त्व कळलं होतं. मला ते कळायला एक अपघात व्हावा लागला. पूर्वी परदेशी माणूस दिसला की भाषेच्या कटकटीला कंटाळून पोलीस हाताने जा म्हणायचे, माझ्या बाबतीत कितीदा झालं. तेव्हा मला ते आपलं नशीब वाटायचं.

राहिली आई. तिला गाडीवर बसवू नकोस असं मी म्हणणार नाही, तिला ते फार आवडेल, लूनावर आम्ही दोघी कॉलेजला जायचो. पण साडी नको, मागच्या चाकात पदर जायला क्षण लागत नाही. सलवार-कमीज, आणि ओढणी घरी. ती म्हणेल अंबाडा मोडतो, हेल्मेट बसत नाही. अंबाडा खाली मानेवर घालायला सांग किंवा सरळ वेणी. ती म्हणेल, अरे इथेच तर जायचंय. हे वाक्य तिने म्हटलं की गाडी बंद कर, उतर आणि टॅक्सी बोलाव. तुझ्यासारखंच, तुझ्याच दर्जाचं हेल्मेट मागच्याला. उरलंसुरलं, जुनं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं नाही. आधी तिचा पट्टा, मग तुझा, मग किल्ली.

तिच्यासाठी हेल्मेट मी घेऊन तिच्याच बॅगेत पाठवते, तू तिथे काही शोधू नकोस. तिच्या डोक्याचं माप मी तिच्याकडून घेईन. तुझं हेल्मेट पोरांच्या हसण्यापायी तू मधे महिनाभर कपाटावर ठेवलंस असं लिहिलंयस, ते कपाटावरून कधी खाली पडलं का ते खरं सांग. आणि तुझंही माप पाठव. शिंप्याची टेप घे, भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून कपाळावरून, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात बाहेर आलेलं असतं तिथून फिरव. टेप सैल धरू नकोस. तीनदा मोज आणि सगळ्यात मोठा आकडा सेंटिमीटरमध्ये लिही.

तुझी,
मावशी