वहिवाट आणि मालकी

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीवरचा तुझा निबंध दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण 'सामाईक शेती बुडाली, जमीन खासगी झाली आणि भरभराट झाली' असं एका ओळीत उरकलंस, तिथे मी अडलो.

सामाईक म्हणजे कुणाचं, ते आधी बघ. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेले लोक समतेचा प्रयोग करायला निघाले नव्हते. भांडवल लंडनच्या व्यापाऱ्यांचं होतं. सात वर्षं मिळेल तो नफा एकाच खात्यात, मग वाटणी, असा करार होता. आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला मिळावेत आणि घरं आपलीच राहावीत, एवढंच या लोकांचं मागणं होतं. व्यापाऱ्यांनी तेही काढून टाकलं. याला मी सामुदायिक शेती म्हणणार नाही. समुद्रापारच्या सावकारासाठी ते राबत होते.

१६२३ मध्ये गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने माणसं मोजून प्रत्येक कुटुंबाला मक्यासाठी तुकडा नेमून दिला. त्याने लिहून ठेवलंय, की आधी तरुण गडी कुरकुरत, दुसऱ्याच्या बायकापोरांसाठी आम्ही का राबायचं? परक्यांचे कपडे धुणं बायकांना गुलामीसारखं वाटे. तुकडे पाडल्यावर त्याच बायका लेकरांना घेऊन मका लावायला जाऊ लागल्या. हा पुरावा खरा आहे, तो झाकू नकोस. स्वतःच्या पिकाची खुरपणी माणूस किती जीव लावून करतो, हे मी वडिलांच्या रानात पाहिलंय.

पण तो तुकडा नुसता वहिवाटीला होता. मालकी नाही, वारसाहक्क नाही, आणि वाटप दरसाल नव्याने. यंदा मी कष्ट करून जमीन सुधारायची आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच्या हातात! लोकांनी तक्रार केली, तेव्हा १६२४ मध्ये माणशी एक एकर कायम झाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, आणि तू त्याला एक वाक्यही दिलं नाहीस. १६२७ मध्ये व्यापाऱ्यांचा हिस्सा १८०० पौंडांना विकत घ्यायचं ठरलं, तेव्हा कुठे वसाहतीतल्या प्रत्येक हिश्शाला २० एकर आले. तरीही गवताची कुरणं वाटलीच नाहीत. आपल्याकडे शेत ज्याचं त्याचं आणि गायरान गावाचं असतं ना, तसंच.

आणखी एक. वाटली गेलेली ती जमीन मुळात तिथल्या मूळ रहिवासी वाम्पनोग लोकांच्या पटक्सेट गावची. वसाहत येण्याआधीच्या साथीत ते गाव ओस पडलं. तिथलाच टिस्क्वांटम वाचला होता, आणि मासळीचं खत घालून मका कसा लावायचा हे त्यानेच या नवख्यांना दाखवलं. तुझ्या निबंधात त्याचं नावही नाही. त्याला शेवटी चिकटवू नकोस. पहिला परिच्छेद पटक्सेटपासून सुरू कर, आणि नवी प्रत घेऊन रविवारी ये.