काट्याला दम कळत नाही

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो, कंबर ९१ सेंटिमीटर आणि आतकरवाडीतून सिंहगडाचा पुणे दरवाजा सत्तर मिनिटांत. हे सगळं एका ओळीत लिहून खाली विचारलंस, ‘मग मी फिट आहे की नाही?’ मे महिन्यातल्या हिमालयातल्या ट्रेकचा फॉर्म बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० च्या आत मागतो, तुझा येतो ३१.६. मैत्रीण म्हणते वजन हा नुसता आकडा, ऑफिसातले म्हणतात आधी बारीक हो मग गड चढ. इथवर ठीक होतं. पण शेवटी लिहिलंस की चार महिन्यांत काटा हलला नाही, तेव्हा रविवारचा गड बंद करून महिनाभर काकडी-ताकावर राहून बघते. ते वाचून डोकं फिरलं.

दमाची परीक्षा काट्यावर घ्यायची नाही. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

आधी तुझ्या गडाचा हिशेब करू. पायथ्यापासून अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण सहाशे मीटर. माणूस नुसता बसून असतो तेव्हा शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. त्या चढाला तुझ्या वेगाने २२-२३ मिलिलिटर लागतो, म्हणजे बसल्या जागेच्या साडेसहापट, सलग सत्तर मिनिटं. इतका वेळ कुणीही आपली पूर्ण ताकद लावू शकत नाही, फार तर पाऊण. म्हणजे तुझी कमाल क्षमता तीस मिलिलिटरच्या आसपास आली. सव्विसाव्या वर्षी हे मिरवण्यासारखं नाही, पण लाजण्यासारखंही नाही. तुझ्या ऑफिसातल्या त्या बारीक मंडळींना एकदा पायथ्याशी उभं कर आणि घड्याळ लाव, एवढंच म्हणते.

आता नीट बघ. तीस हा दर किलोमागचा आकडा. त्याला ७९ ने गुणलं की मिनिटाला सुमारे २.४ लिटर ऑक्सिजन येतो. हे तुझं इंजिन. काकडी-ताकावर राहून चार किलो उतरवलेस आणि इंजिन तेवढंच राहिलं असं धरलं, तर २.४ भागिले ७५, म्हणजे ३२. दीड-दोन गुणांची कमाई. तेच, वजन ग्रॅमभरही न हलवता चार महिने नीट सराव केलास तर इंजिन पंधरा टक्क्यांनी वाढणं अगदी शक्य आहे. २.७६ भागिले ७९, म्हणजे ३५. कुठला सौदा चांगला ते तूच ठरव. आणि उपासमारीत इंजिन तेवढंच राहत नाही. मांड्यांचा स्नायूही उतरतो, पाय जड होतात आणि मे महिन्यात तू चार किलोंनी हलकी पण आजच्यापेक्षा हळू चालत असशील.

मग काटा चार महिने का हलला नाही? कारण आठवड्यातून एक गड हे वजन उतरवायचं साधन नाहीच. सपाटीवर पाच किलोमीटर चालून तुझ्या वजनाच्या बाईचे अडीचशे-तीनशे कॅलरी जातात, म्हणजे एक वडापाव. गडावर त्याहून जास्त जातात, पण वरची पिठलं-भाकरी, भजी आणि मडक्यातलं दही हिशेब मिटवून टाकतात. (दही खाच. मी भज्यांबद्दल बोलते आहे.) शिवाय नवा व्यायाम सुरू केला की स्नायू साखरेचा साठा वाढवतात, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बसतं. सुरुवातीला काटा किलो-दीड किलोने वर जातो तो यामुळे, आणि माणसं नेमकी तिथेच व्यायाम सोडतात. मीसुद्धा कित्येक वर्षं माझ्याकडे सरावाला येणाऱ्या प्रत्येकाला ‘आधी पाच किलो उतरवा, मग पळायचं बघू’ असंच सांगायचे. त्यातले बरेच जण पाच किलोंच्या अलीकडूनच परत गेले. ती चूक मला आता कुणाच्या बाबतीत करायची नाही. म्हणून हट्टी म्हणतात मला, म्हणोत.

हा हट्ट हवेतला नाही. अमेरिकेत डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर यांनी हजारो माणसांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवून पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९९ साली त्यांच्या गटाने दाखवलं की दम नसलेल्या सडपातळ पुरुषांपेक्षा दम असलेले लठ्ठ पुरुष कमी मेले. २०१४ मध्ये असे दहा अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही तेच: दम नसलेल्यांना मृत्यूचा धोका साधारण दुप्पट, मग वजन कितीही असो. त्यातली एक गोष्ट मात्र तुझी मैत्रीण सांगत नाही. ब्लेअर यांच्या अभ्यासात ‘फिट’ म्हणजे कुणी धावपटू नव्हे. आपल्या वयोगटात तळाच्या वीस टक्क्यांत नसलेला तो फिट. रोज अर्धा तास झपझप चालणारी बहुतेक माणसं ही पायरी ओलांडतात. इतकी ती खाली आहे, आणि तरीही निम्मं शहर तिच्याखाली बसून काट्याकडे बघतं.

आता तुला न आवडणारं. दम वाढला म्हणून वजनाचं सगळं माफ होत नाही. स्पेनमध्ये पाच लाखांहून जास्त नोकरदारांची आकडेवारी २०२१ मध्ये आली. व्यायाम करणाऱ्या लठ्ठ लोकांत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे व्यायाम न करणाऱ्या लठ्ठांपेक्षा कमी होते, पण बारीक लोकांइतके खाली आले नव्हते. गुडघ्याचं तर गणितच वेगळं. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. गड उतरताना तुझा उजवा गुडघा कुरकुरतो म्हणालीस ना? त्याला तुझा दम किती आहे याच्याशी देणंघेणं नाही.

आणि आपल्याकडे आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला शिडशिडीत आणि आतून चरबीचे, अशी आपली घडण. म्हणून आपल्याकडे जास्त वजन २३ पासून आणि लठ्ठपणा २५ पासून धरतात, आणि बायकांची कंबर ८० च्या आत हवी असं सांगतात. ट्रेकवाल्यांचं ३० हे त्या मानाने उदारच. काटा इथेही मुका आहे: किलो सांगतो, ते मांडीवर आहेत की यकृताभोवती हे सांगत नाही. कुल्ल्या-मांड्यांवरची कातडीखालची चरबी बरीचशी निरुपद्रवी. पोटाच्या आतली आणि यकृतातली खरी उपद्रवी. चांगली बातमी अशी की नियमित व्यायामाने ही आतली चरबी वजन न हलताही कमी होते. तू काटा बघून गड बंद करायला निघालीस तेव्हा कदाचित तीच उतरायला लागली असेल. तुला कळणार कसं? टेप कुठे लावलास?

टेप सलवारच्या नाडीवर लावायचा नाही. शेवटची बरगडी चाचप, कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचप, त्या दोन्हींच्या मधोमध टेप जमिनीला समांतर धर, श्वास सहज सोड आणि मग आकडा वाच. पोट आत ओढून मोजणं म्हणजे आपणच आपल्याला फसवणं. महिन्यातून एकदा पुरे. उंचीच्या निम्मं, म्हणजे तुझ्यासाठी ७९, हे लांबचं ठिकाण. आधी ८७ बघू.

या आठवड्यात रक्त तपासायला दे: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एएलटी (यकृतासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि हिमोग्लोबिन. बीपी दोन वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसून. एचबीए१सी ५.७ च्या खाली, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० च्या खाली, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ५० च्या वर असेल तर घाई नाही. हिमोग्लोबिन मुद्दाम लिहिलं. ते १० च्या आसपास घसरलं असेल तर चढावर लागणारी धाप चरबीची नसून रक्ताची असते, आणि मुली उगाच पोळी सोडत बसतात. बारा तरी हवं. झोपेत घोरतेस का, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का, हेही डॉक्टरांना सांग. आणि चढताना छातीत दाब किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं. हा सगळा हिशेब त्यानंतर.

आता सराव. ट्रेकवाल्यांना पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत हवेत, म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटं. मंगळवार, गुरुवार, शनिवार: दहा मिनिटं चालणं, मग एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला पळणं अर्ध्या मिनिटाने वाढव, त्याहून नाही. ७९ किलोवर नडगीचं हाड फुप्फुसांपेक्षा सावकाश तयार होतं. दम येतो सहा आठवड्यांत, म्हणून माणसं वेग वाढवतात आणि आठव्या आठवड्यात नडगी धरून बसतात. नडगीच्या आतल्या कडेला बोट दाबून एकाच जागी टोचल्यासारखं दुखलं तर पळणं बंद आणि सायकल सुरू. सगळीकडे दुखत असेल तर दोन दिवस चालण्यावर ये.

सोमवारी आणि शुक्रवारी पाय. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, बारा वेळा, तीन फेऱ्या. जिन्याच्या एका पायरीवर चढणं आणि, महत्त्वाचं, तीन आकडे मोजत सावकाश खाली येणं, प्रत्येक पायाने दहा, तीन फेऱ्या. उतारावर गुडघा दुखतो तो मांडीला ब्रेक लावता येत नाही म्हणून. हे सावकाश उतरणं त्या ब्रेकचाच सराव आहे, आणि सगळे जण नेमकं तेच टाळून धपकन खाली येतात. मग एका पायावर टाचा उचलणं, बारा-बारा. भिंतीवर जोर, जमले की ओट्यावर. रविवारी गड. दुसऱ्या महिन्यापासून पाठीवर तीन किलो, चौथ्यात सहा. पाण्याच्या बाटल्या ने, वर ओतून दे आणि रिकामी उतर. गुडघा दुवा देईल. उतरताना पावलं छोटी आणि हातात काठी. बुधवारी काही नाही. म्हणजे खरोखर काही नाही.

खाणं. होय, ते चार किलो मलाही हवे आहेत, गुडघ्यासाठी आणि त्या फॉर्मसाठी. पण उपासमारीने नाही. दिवसाला साडेतीनशे कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला तीनशे ग्रॅम उतरतात आणि तेरा आठवड्यांत चार किलो. मे महिन्याला सोळा आठवडे आहेत, म्हणजे सणावाराला तीन आठवडे उरतातच. साडेतीनशे कुठून? दुपारच्या चहाची साखर आणि बिस्किटं, रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात, फोडणीतलं एक पळी तेल. बस. प्रथिनं मात्र नव्वद ग्रॅमच्या आसपास हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जाईल. दोन अंडी बारा ग्रॅम, मोठी वाटी मटकीची उसळ सात-आठ, शंभर ग्रॅम पनीर अठरा, वाटीभर दही पाच. भाकरी-भाजीवर नव्वद होत नाहीत, मोजून बघ. काकडी-ताकावर तर विचारूच नकोस.

काटा घरात ठेव, फेकू नकोस. सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, आठवड्यातून एकदा. पाळीच्या आधीच्या दिवसांत किलोभर पाणी अंगात साठतं, त्या आठवड्याचा आकडा वहीत लिही पण वाचू नकोस. त्या काट्यावरून खाण्यात बदल करायचा असेल तर कर. व्यायाम काट्यावरून ठरवायचा नाही. कमी नाही, जास्त नाही, ठरवायचाच नाही.

फॉर्मवर वजन आणि उंची खरी लिही. तीस ही रेघ त्यांनी आखली आहे कारण वर कुणी कोसळलं तर खाली उचलून आणायला माणसं लागतात. ती रेघ ढोबळ आहे, पण मूर्खपणाची नाही. एप्रिलमध्ये पाच किलोमीटरची वेळ आणि सॅकसह गडाची वेळ त्यांना कळव. तेव्हा वजन ७५ च्या जरा खाली असेल तर प्रश्नच मिटला, ७६ असेल तर निदान बोलायला काहीतरी हातात असेल.

येत्या रविवारी पुणे दरवाजात पोचल्या पोचल्या, फोटो काढायच्या आधी, दहा सेकंद नाडी मोज आणि सहाने गुण. एक मिनिट उभी राहा, बोलू नकोस, पुन्हा मोज. बारापेक्षा कमी ठोके उतरले तर डॉक्टरांकडे जा. तीस उतरले तर मला बरं वाटेल. ते दोन आकडे आणि वेळ रात्री पाठव. वजन नको पाठवूस.

तुझी,
ताई